कोळशाच्या खोऱ्यातली विजेची गाडी

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, ईशान्येकडच्या कोपऱ्यात, लॅकवाना आणि वायोमिंग ही दोन खोरी एकमेकांना लागून आहेत. पहिल्याचे मुख्य शहर स्क्रँटन, दुसऱ्याचे विल्क्स-बॅरी आणि दोहोंच्या मध्ये पिट्स्टन. या वस्तीच्या पोटात अँथ्रासाइट होता : कठीण, चकचकीत आणि जळताना फारसा धूर न करणारा दगडी कोळसा. न्यू यॉर्क आणि फिलाडेल्फियातली लाखो घरे हिवाळ्यात याच कोळशावर ऊब घेत. १९०३ ते १९५२ अशी जवळजवळ पन्नास वर्षे या खोऱ्यांमधून विजेवरची एक प्रवासी रेल्वे धावत होती. कागदोपत्री तिचे नाव 'लॅकवाना अँड वायोमिंग व्हॅली रेलरोड'. लोक तिला 'लॉरेल लाइन' म्हणत, डोंगरउतारांवर फुलणाऱ्या लॉरेलच्या झुडपांवरून.

अशा गाड्यांचा इतिहास बहुधा एका वाक्यात उरकला जातो : मोटार आली आणि विजेची गाडी गेली. बाकीच्या अमेरिकेला हे वाक्य बऱ्याच अंशी लागू पडते. कोळशाच्या मुलखात मात्र त्याने अर्धीच गोष्ट कळते. इथे गाडीची वीज कोळशावर बने, प्रवाशांची मजुरी कोळशातून येई आणि रूळ ज्या जमिनीवर टेकलेले, ती जमीनही कोळशासाठी आतून पोखरलेली असे. लॉरेल लाइन आणि तिच्यासारख्या इतर गाड्या कशा उभ्या राहिल्या, कशा संपल्या आणि काही ठिकाणी त्या आजही का टिकून आहेत, याचा हा आढावा.

दोन शहरांमधली पोकळी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत 'इंटरअर्बन' नावाचा रेल्वेचा नवा प्रकार रुजला. शहरातल्या ट्रॅमपेक्षा मोठी आणि वेगवान, वाफेच्या रेल्वेपेक्षा हलकी आणि स्वस्त अशी ही विजेची गाडी एका गावातून दुसऱ्या गावात जाई आणि वाटेतल्या लहान थांब्यांवरही थांबे. १९१६ च्या सुमारास या जाळ्याने कळस गाठला तेव्हा देशभरात असे सुमारे १५,५०० मैल, म्हणजे जवळजवळ २५,००० किलोमीटर मार्ग होते.

अँथ्रासाइटच्या खोऱ्यात रेल्वेची वाण नव्हती. डेलावेअर अँड हडसन, लॅकवाना, लीहाय व्हॅली, जर्सी सेंट्रल अशा बड्या कंपन्यांच्या रुळांनी सारे खोरे विणून काढले होते. पण हे रूळ टाकले होते कोळशासाठी. त्यांच्यातल्या काही कंपन्यांचा थेट खाणींशीही आर्थिक संबंध होता. शेजारच्या शहरात दिवसातून कधीही जाऊन परत येता यावे अशी सोय करण्यात त्यांना फारसा रस नव्हता. ही पोकळी विजेच्या गाडीने भरून काढली.

स्क्रँटनला विजेचे अप्रूप नव्हते. ३० नोव्हेंबर १८८६ रोजी या शहरात विजेची ट्रॅम धावू लागली. सुरुवातीपासून निव्वळ विजेवर चालवल्या गेलेल्या अमेरिकेतल्या पहिल्या यशस्वी ट्रॅमसेवांमध्ये तिची गणना होते. 'इलेक्ट्रिक सिटी' हे बिरुद शहर आजही अभिमानाने मिरवते. शहरात वीज रुळली होती, तंत्रज्ञ होते आणि कोळसा तर दाराशीच होता.

लॉरेल लाइन सुरू झाली तो काळही लक्षात घेण्याजोगा आहे. मे १९०२ मध्ये अँथ्रासाइटच्या सुमारे १,४७,००० कामगारांनी जॉन मिचेल यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. तो ऑक्टोबरपर्यंत चालला. हिवाळा तोंडावर आला, शहरांत कोळशाची टंचाई भासू लागली आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मध्ये पडावे लागले. त्यांनी नेमलेल्या आयोगाने मार्च १९०३ मध्ये निवाडा दिला : मजुरीत दहा टक्के वाढ आणि कामाच्या तासांत कपात. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २० मे १९०३ रोजी, स्क्रँटन ते पिट्स्टन ही विजेची गाडी सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती विल्क्स-बॅरीपर्यंत पोचली. कामगाराच्या हाती थोडा जास्त पैसा आणि थोडा जास्त वेळ येत असतानाच ही सोय दारात आली.

तिसरा रूळ आणि बोगदा

बहुतेक इंटरअर्बन गाड्या रस्त्याच्या कडेने, वरच्या तारेतून वीज घेत चालत. लॉरेल लाइनची घडण वेगळी होती. वेस्टिंगहाउस, चर्च, केर अँड कंपनी या अभियांत्रिकी संस्थेने ती जवळजवळ वाफेच्या रेल्वेच्या तोडीने बांधली. तिची वाट रस्त्यापासून स्वतंत्र होती, रूळ भक्कम होते आणि दोन रुळांच्या बाजूने जाणाऱ्या तिसऱ्या रुळातून गाडीला वीज मिळे. बड्या रेल्वे कंपन्यांशी डब्यांची देवाणघेवाण करण्याइतकी तिची ताकद होती. म्हणूनच प्रवाशांबरोबर तिने मालवाहतूकही केली आणि पुढे हाच माल तिचा आधार ठरला.

स्क्रँटनमधून बाहेर पडताना टेकड्यांचा चढ आडवा येई. त्यावर तोड म्हणून १९०५ मध्ये शहराच्या दक्षिण भागाखालून ४,७४७ फूट लांबीचा, म्हणजे जवळजवळ दीड किलोमीटरचा बोगदा खोदला. एका इंटरअर्बन कंपनीसाठी हे फार मोठे काम होते. ज्या खोऱ्यात जमिनीखालचे सारे खोदकाम कोळसा काढण्यासाठीच होई, तिथे माणसांच्या ये-जा करण्यासाठी एवढा मोठा बोगदा झाला ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

तिसऱ्या रुळाला दुसरी बाजूही होती. सहाशेच्या वर व्होल्टचा प्रवाह जमिनीपासून थोड्याच उंचीवर उघडा असे. वस्तीतून जाणाऱ्या मार्गावर माणसांना आणि गुराढोरांना त्याचा धोका होता. १९०३ सालीच विल्क्स-बॅरीहून दक्षिणेकडे, डोंगर ओलांडून हेझलटन या दुसऱ्या खाणशहराकडे जाणारी विल्क्स-बॅरी अँड हेझलटन रेल्वे सुरू झाली. तिने तिसऱ्या रुळावर लाकडी आच्छादन घातले. झाकलेला तिसरा रूळ वापरणाऱ्या अमेरिकेतल्या अगदी पहिल्या रेल्वेंत तिचे नाव घेतले जाते. पुढे मोठ्या शहरांतल्या भुयारी आणि उपनगरी गाड्यांनी याच धर्तीची झाकणे स्वीकारली. खाणींच्या डोंगराळ मुलखात हा प्रश्न इतक्या लवकर आणि इतक्या चांगल्या रीतीने सोडवला गेला, याची नोंद महानगरांच्या रेल्वे-इतिहासात क्वचितच होते.

गाडीत कोण बसे?

कोळशाच्या खोऱ्यातली गाडी म्हटले की काजळीने माखलेले खाणकामगार डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात पुष्कळसे कामगार खाणीच्या आसपासच राहत आणि पाळीला चालत जात. दोन शहरांमधल्या गाडीची गरज त्यांच्या घरातल्या इतरांना अधिक होती. बाजारहाट, सरकारी कचेरी, शाळा-कॉलेज, नाटक-सिनेमा आणि शेजारच्या गावातले नातेवाईक यांच्यासाठी लोक या गाडीत बसत.

यात मुलींचे आणि बायकांचे स्थान मोठे होते. बाप खाणीत आणि मुलगी रेशमाच्या गिरणीत, ही या खोऱ्यातल्या असंख्य घरांची रीत होती. खाणकामगारांच्या मुली कमी मजुरीत मिळतात म्हणूनच रेशीम आणि लेस यांचे कारखाने इथे आले. १९०१ मध्ये स्क्रँटनच्या रेशीम गिरण्यांतल्या मुलींनी संप केला, तेव्हा कामगार चळवळीतल्या प्रसिद्ध मदर जोन्स त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या होत्या. मुलांची स्थिती याहून वाईट होती. खाणीतून वर आलेला कोळसा फोडून त्यातला दगड वेगळा करणाऱ्या उंच इमारतींना 'ब्रेकर' म्हणत. जानेवारी १९११ मध्ये लुईस हाइन यांनी साउथ पिट्स्टनच्या युइन ब्रेकरमध्ये टिपलेली, काळवंडलेल्या चेहऱ्यांच्या मुलांची छायाचित्रे बालमजुरीविरोधी लढ्यातला मोठा पुरावा ठरली. लॉरेल लाइन याच पिट्स्टनमधून जात होती. तिच्या सुबक डब्यांचे कौतुक करताना, ते डबे ज्या वस्तीतून धावत तिचे हे वास्तव नजरेआड करता येणार नाही.

सुट्टीच्या दिवशी हीच गाडी लोकांना मूझिकजवळच्या रॉकी ग्लेन या करमणूक उद्यानात नेई. तळे, नाचघर, पाळणे असे सारे तिथे होते. सुट्टीच्या दिवशीही गाड्या भरून जाव्यात म्हणून अमेरिकेतल्या अनेक इंटरअर्बन कंपन्या अशा उद्यानांच्या जोरावर धंदा करत. वेल्श, आयरिश, पोलिश, स्लोव्हाक, लिथुआनियन, इटालियन अशा निरनिराळ्या वस्त्यांतली आणि चर्चमधली माणसे एकाच डब्यात बसून एकाच ठिकाणी सहलीला जात, ही या गाडीची सामाजिक कमाई लहान नव्हती.

पायाखालची पोकळ जमीन

भूमिगत खाणीत कोळसा काढताना छत तोलून धरायला कोळशाचेच खांब ठेवतात. खाण संपत आली की कंपन्या हे खांबही काढून घेत. मग वरची जमीन खचे आणि घरे, रस्ते, जलवाहिन्या तडकत. पेनसिल्व्हेनियात जमिनीचा पृष्ठभाग एकाचा, खालचा कोळसा दुसऱ्याचा आणि वरच्या जमिनीला आधार मिळण्याचा हक्क ही आणखी वेगळी मालमत्ता, अशी कायद्याची रचना होती. खाण कंपन्या जमीन विकत, पण खालचा कोळसा आणि आधार काढून घेण्याचा हक्क स्वतःकडे ठेवत.

राज्याने १९२१ मध्ये कोहलर कायदा करून वस्तीखालचे असे खोदकाम रोखण्याचा प्रयत्न केला. पिट्स्टनमधल्या एका घरावरून दावा लागला आणि तो थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला. 'पेनसिल्व्हेनिया कोल कंपनी विरुद्ध महॉन' या खटल्यात डिसेंबर १९२२ मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. सरकारी नियमन फार पुढे गेले तर ती मालमत्ता काढून घेण्यासारखेच ठरते, हे तत्त्व त्यात मांडले गेले. अमेरिकेत कायदा शिकणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी हा खटला वाचतो. पिट्स्टनच्या रहिवाशांसाठी मात्र त्याचा अर्थ साधा होता : पायाखालची जमीन त्यांच्या भरवशाची नव्हती.

हा धोका इतिहासजमा झालेला नाही. आपल्याकडे झारखंडच्या झरिया कोळसापट्ट्यात शंभर वर्षांहून अधिक काळ भूमिगत आग धुमसते आहे. तिच्यामुळे १५ जून २०१७ रोजी धनबाद-चंद्रपुरा हा रेल्वेमार्ग बंद करावा लागला आणि जवळजवळ पावणेदोन वर्षांनी त्यावर प्रवासी गाड्या पुन्हा सोडण्यात आल्या. मधल्या काळात त्या मार्गावरच्या गावांची झालेली गैरसोय पाहिली, की खाणीवरून जाणारी रेल्वे किती नाजूक असते हे कळते.

उतरण

१९१७ मध्ये पेनसिल्व्हेनियातून जवळजवळ १० कोटी टन अँथ्रासाइट निघाला. तो उच्चांक होता. पुढे १९२५-२६ मध्ये सप्टेंबर ते फेब्रुवारी असा लांबलेला संप झाला. त्या हिवाळ्यात शहरांतल्या अनेक कुटुंबांनी तेल, गॅस आणि दुसऱ्या जातीचा कोळसा जवळ केला, आणि त्यांतली कित्येक परत अँथ्रासाइटकडे वळलीच नाहीत. १९५० पर्यंत उत्पादन निम्म्याहून खाली आले. स्क्रँटनची लोकसंख्या १९३० मध्ये १,४३,४३३ होती, ती १९५० मध्ये १,२५,५३६ झाली. तरुण मुले कामासाठी न्यू जर्सी आणि न्यू यॉर्कला जाऊ लागली.

याच वर्षांत रस्ते सुधारले, बसगाड्या आल्या, मोटारी वाढल्या. हेझलटनची डोंगरातली रेल्वे १९३३ मध्ये बंद पडली. लॉरेल लाइन तगली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल आणि टायर यांचे रेशनिंग आले तेव्हा तिचे डबे पुन्हा भरले. युद्ध संपले आणि प्रवासी परत गेले. ३१ डिसेंबर १९५२ रोजी तिची प्रवासी सेवा थांबली. विजेची जागा डिझेल इंजिनांनी घेतली आणि मालगाड्या चालू राहिल्या. स्क्रँटन शहरातली ट्रॅम १८ डिसेंबर १९५४ रोजी बंद झाली.

पेनसिल्व्हेनियाच्या दुसऱ्या टोकाला, कॉनल्सव्हिलच्या कोक-भट्ट्यांच्या प्रदेशात, वेस्ट पेन रेल्वेजचे जाळेही त्याच १९५२ मध्ये मिटले. या कंपनीच्या विजेच्या धंद्याने रेल्वेला केव्हाच मागे टाकले होते. घरोघरी वीज विकणे फायद्याचे आणि गाड्या चालवणे तोट्याचे, असा तो हिशेब होता. इलिनॉयमधल्या एका इंटरअर्बन कंपनीने वेगळी वाट काढली. कोळसापट्ट्यातून जाणाऱ्या या कंपनीने गावांना वळसा घालणारे मालमार्ग बांधले, १९१० मध्ये मिसिसिपीवर स्वतःचा पूल उभारला आणि मालावर जीव धरला. शेवटची प्रवासी सेवा १९५८ मध्ये संपली, कंपनी मात्र पुढे अनेक वर्षे चालली.

लॉरेल लाइनची प्रवासी गाडी थांबून सहा वर्षे झाली आणि २२ जानेवारी १९५९ रोजी पिट्स्टनजवळ सस्क्वेहाना नदी खाणीत घुसली. नॉक्स कोल कंपनीने नदीच्या तळाखाली, परवानगीची मर्यादा ओलांडून, फार पातळ छत ठेवून खोदकाम केले होते. बारा कामगार गेले. नदीत पडलेला भोवरा बुजवण्यासाठी रूळ वळवून कोळशाचे रेल्वे-वॅगन त्यात ढकलून द्यावे लागले. पाणी आतल्या आत एका खाणीतून दुसऱ्या खाणीत पसरले आणि या भागातली खोल खाणकामे जवळजवळ संपुष्टात आली. मोटारीने गाडीचे प्रवासी नेले हे खरे. पण गाडी टिकवू शकली असती ती वस्तीच त्याआधीपासून विरत चालली होती.

जिथे गाडी टिकली

युरोपातले चित्र सरसकट वेगळे नाही. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमहून रिपलीपर्यंत खाणगावांतून जाणारी ट्रॅम १९१३ मध्ये सुरू झाली आणि विसेक वर्षांत तिची जागा ट्रॉलीबसने घेतली. पहिल्या महायुद्धात तिच्यावर काम करणाऱ्या महिला कंडक्टरांवर डी. एच. लॉरेन्स यांनी 'तिकिट्स, प्लीज' ही कथा लिहिली. लॉरेन्स स्वतः खाणकामगाराचा मुलगा होता. बेल्जियममध्ये तर सरकारी आधारावर १८८४ पासून गावोगाव 'व्हिसिनाल' रेल्वेचे प्रचंड जाळे उभे राहिले. सार्वजनिक मालकी असूनही त्यातले बहुतेक मार्ग दुसऱ्या महायुद्धानंतर बंद झाले. समुद्रकिनाऱ्याची ट्रॅम आणि कोळशाच्या शार्लरुआ भागातल्या काही मार्गिका उरल्या. शार्लरुआत या मार्गिकांना मेट्रोचे रूप देण्याचा घाट घातला गेला, पण शातलेकडची मार्गिका बांधून झाल्यावरही दशकानुदशके प्रवाशांविना पडून राहिली. सार्वजनिक मालकी असली की सगळे ठीक होते, असा सोपा निष्कर्ष यावरून काढता येत नाही.

दक्षिण पोलंडमधल्या वरच्या सायलेशियात मात्र कोळशाच्या शहरांना जोडणारी ट्रॅम आजही चालू आहे. तिथे १८९४ मध्ये वाफेची ट्रॅम आली आणि १८९८ पासून विजेची. कातोवित्से, बितोम, खोझूव, झाब्झे, सोस्नोव्हिएत्स अशी डझनभर शहरे या एकाच जाळ्यात आहेत. १९२२ मध्ये हा प्रदेश जर्मनी आणि पोलंड यांच्यात वाटला गेला, तेव्हा नव्या सीमेच्या आरपार ट्रॅम धावल्या. पुढे समाजवादी राजवटीत सरकारने त्या चालवल्या आणि आता त्यांची मालकी मुख्यतः स्थानिक नगरपालिकांकडे आहे. युरोपीय संघाच्या निधीतून रूळ आणि गाड्या नव्या झाल्या. इथेही पडझड झाली आहे : ग्लिवित्से शहराने २००९ मध्ये आपल्या हद्दीतली बहुतेक ट्रॅम बंद केली. तरी बाकीचे जाळे उभे आहे, आणि सायलेशियातल्या कित्येक खाणी बंद झाल्यानंतरही उभे आहे.

फरक कशाने पडला? पोलंडमध्ये खासगी मोटारी उशिरा आल्या, शहरे एकमेकांना खेटून होती आणि कोळशाचे उत्पादन पुढेही अनेक दशके चालू राहिले, ही कारणे नाकारता येत नाहीत. पण निर्णायक प्रश्न मला दुसरा दिसतो : तोट्याच्या वर्षांत गाडीचा भार कोणी वाहिला? पेनसिल्व्हेनियात तो एकट्या कंपनीवर पडला, आणि तोटा दिसताच गाडी बंद करणे हाच कंपनीपुढचा शहाणपणाचा मार्ग होता. सायलेशियात तो भार समाजाने वाहिला. शार्लरुआत समाजाने पैसा दिला, पण गाडी कोणासाठी आणि कुठे चालवायची याचे नियोजन फसले. सार्वजनिक आधार आणि वस्तीचा विचार ही दोन्ही एकत्र आली तिथेच गाडी टिकली.

आज

स्क्रँटनमध्ये १९९९ मध्ये 'इलेक्ट्रिक सिटी ट्रॉली म्युझियम' उघडले. त्याच्या सहलीच्या गाड्या लॉरेल लाइनच्या जुन्या वाटेवरून, १९०५ च्या त्याच बोगद्यातून, मूझिकच्या बाजूला जातात. हे शक्य झाले, कारण मोठ्या रेल्वे कंपन्यांनी सोडून दिलेले मार्ग स्थानिक सार्वजनिक रेल्वे प्राधिकरणाने आपल्याकडे घेतले. खासगी हिशेबात टाकाऊ ठरलेली वाट सार्वजनिक निर्णयाने वाचली, तीही प्रवाशांची रोजची सेवा संपून कित्येक वर्षे लोटल्यावर. हाच निर्णय १९५२ मध्ये झाला असता तर या दोन शहरांमध्ये आज रोजची गाडी असती का, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण वाट तरी अखंड राहिली असती.

आपल्याकडे वर्धा खोऱ्यात चंद्रपूर, बल्लारपूर, वणी या भागातून कोळशाच्या मालगाड्या रात्रंदिवस धावतात. तिथलाही कोळसा कधीतरी संपेल किंवा त्याची मागणी ओसरेल. त्या दिवसानंतर हे रूळ कोणाचे असतील आणि त्यांवरून खाणगावांतली माणसे कुठे जाऊ शकतील, हा प्रश्न खाणी चालू असतानाच विचारला पाहिजे. लोकप्रतिनिधींनी, रेल्वेने आणि त्या भागातल्या नागरिकांनी तो आत्ताच विचारावा, उत्तर लिहून घ्यावे आणि कोळशाच्या उत्पन्नातला काही वाटा त्यासाठी आजच बाजूला काढावा. कोळसा संपल्यावर त्यासाठी ना पैसा उरतो, ना वेळ.